चूल सुधारायला आलेले पाहुणे

गरिबाच्या घरात चोर शिरत नाही, कारण नेणार काय? चूल सुधारणारा माणूस मात्र हमखास शिरतो. देश स्वतंत्र झाला तेव्हापासून तो येतोच आहे. कधी खादीच्या सदऱ्यात आला, कधी सरकारी जीपमधून, कधी परदेशी देणगीदाराच्या नावाची टोपी घालून, आणि हल्ली हातात टॅबलेट घेऊन येतो. आल्यावर तो आधी डोळे चोळतो, मग खोकतो, मग घरातल्या बाईकडे इतक्या करुणेनं बघतो की तिला वाटतं, ह्याच्याच घरी काहीतरी वाईट झालंय. ती त्याला बसायला पोतं देते आणि चहा टाकते. चहा त्याच चुलीवर होतो. तो पिऊन झाला की पाहुणा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "मावशी, ही चूल बदलायला पाहिजे."

बदलायला पाहिजे याबद्दल माझंही दुमत नाही. साध्या मातीच्या चुलीत लाकूड जळून जी उष्णता निघते, तिच्यातला शंभरात दहा-पंधरा भाग भांड्याला लागतो. बाकीचा भिंतीला, आढ्याला, बाईच्या तोंडाला आणि आभाळाला. धूर हे खरं तर जळायचं राहून गेलेलं लाकूडच. लाकडातून सुटलेल्या वायूला पुरेशी आच आणि पुरेशी हवा एकाच वेळी मिळाली तर तो जळून जातो, नाही मिळाली तर डोळ्यांत जातो. त्यातले बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत दोन लाखांहून जास्त मुलं पाच वर्षांच्या आतली होती. यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते यावर निघालेल्या उपायांचं, आणि ते बघण्यासाठी माझ्या थोरल्या काकूच्या स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा नाही.

काकू माण तालुक्यातली. तिकडे पाऊस बेताचा आणि वेडी बाभूळ भरपूर, म्हणजे जळणाची सोय देवानं केलेली आणि पाण्याची टँकरवर सोपवलेली. माळवदी घरात शिरलं की डाव्या हाताला चूल. तिला एक वैल. तोंडावर भाकरीचा तवा आणि वैलावर कालवण, एका जाळावर दोन भांडी. ही युक्ती कुठल्या संस्थेनं शोधलेली नाही, तिला अनुदान नाही आणि तिच्यावर कुणा मंत्र्याचा फोटो नाही. पहाटे या चुलीवर घरादाराच्या आंघोळीचं पाणी तापतं, मग चहा, मग भाकरी-कालवण, मग म्हशीचं आंबोण. जाळ विझला तरी चूल मोकळी होत नाही. आरात वांगं भाजतं, कांदा भाजतो, आठवडी बाजारातून आलेला बोंबील भाजतो, आणि सगळ्या घराला ठाऊक असूनही ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती काकूची मशेरी भाजते. राखेनं भांडी निघतात. तीच राख हुलग्यात कालवली की त्याला कीड लागत नाही. आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं धुरानं टिकतात आणि तिन्हीसांजेला तोच धूर गोठ्यातली चिलटं हाकलतो. आलेल्या पाहुण्याच्या कागदावर मात्र रकाने दोनच असतात: लाकूड किती जळलं आणि धूर किती झाला.

धुरावरून आठवलं. उज्ज्वला योजनेच्या सुरुवातीला भाषणांतून एक आकडा फार फिरला होता. चुलीपुढं बसलेली बाई तासाला ४०० सिगारेटींएवढा धूर ओढते, असा. टीव्हीवर तो ऐकून काकू बराच वेळ गप्प होती. तिनं हयातीत विडीचं थोटूक जरी तोंडाला लावलं असतं तर भावकीनं पंचायत भरवली असती. आणि इथं तिच्या नावावर तासाला चारशे लावले होते. शेवटी म्हणाली, "मंग तुझ्या काकाला उगंच बोलत हुते म्हणायची. त्यो तर दिसाला धाच वडतो."

चूल सुधारण्याचा आपल्याकडचा मान वर्ध्याचा. तिथल्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्यांनी १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' काढली. चिकणमातीची, दोन-तीन भांडी बसतील अशी, आणि धूर बाहेर नेणारी चिमणी असलेली. पाठोपाठ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतल्या डॉ. एस. पी. राजूंनी १९५३ साली लाखो घरांची स्वयंपाकघरं धुराविना कशी करता येतील यावर पुस्तकच लिहिलं. दोन्हींमधली कल्पना सरळ होती आणि आजही कुणाला खोडता आलेली नाही. हवा कुठून घ्यायची ते ठरवायचं, आच भांड्याखालून फिरवायची, धूर छपराबाहेर काढायचा. फक्त छपराखाली कोण राहतं आणि ते छप्पर कशाचं आहे, हे पुस्तकात मावण्यासारखं नव्हतं.

ते १९८३ नंतर कळलं. केंद्र सरकारनं राष्ट्रीय पातळीवर सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला आणि आपल्याकडे गावोगाव 'निर्धूर चूल' आली. २००२ साली केंद्रानं हे काम राज्यांवर सोपवलं, तोवर देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याची नोंद झाली होती. त्यांतली एक आमच्या घरात बसली. तिचा बसण्याचा प्रसंग आजही भावकीत सांगितला जातो, कारण चिमणीसाठी माळवदाला भोक पाडावं लागणार होतं आणि आजोबा कुदळ घेऊन आलेल्या मिस्त्रीच्या आडवे झाले. माळवद म्हणजे लाकडावर पेंड्या, त्यावर पांढरीची माती. त्याला भोक पाडणं हे आजोबांच्या लेखी डोक्याला भोक पाडण्याइतकंच होतं. मिस्त्रीला चुलीमागं पैसे मिळत. त्यानं आजोबांना समजावलं नाही. त्यानं चिमणीला वाकवून भिंतीतून बाहेर काढलं, लाभार्थ्याचा अंगठा घेतला आणि शेजारच्या घरी गेला. वाकवलेल्या चिमणीत काजळी कुठं साचते हे सांगायला तो थांबला नाही. काही महिने चूल गुणानं वागली. पुढं काजळीनं नळ तुंबला आणि जो धूर पूर्वी घरभर पांगायचा तो आता एकवटून सरळ तोंडावर यायला लागला.

बाकी बिघाड काकूनं स्वतःच्या हातानं केले आणि त्याचा तिला अभिमान आहे. निर्धूर चुलीची भोकं एका मापाची होती. ते माप कुणाच्या पातेल्यावरून घेतलं होतं कोण जाणे, आमच्या घरातल्या भांड्यांवरून घेतलं नव्हतं. काकूनं खुरपं घेऊन भोक मोठं केलं. आतला आडवा उंचवटा, जो आच भांड्याकडं वळवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला लाकूड अडायचं म्हणून तोही खरवडला. वरून शेणामातीनं सारवलं. दोन-चार दिवाळ्यांत ती चूल पुन्हा पहिल्यासारखी झाली. सिमेंटचा नळ मोरीचं पाणी परड्यात सोडायला लागला, आणि माझ्या मते साऱ्या कार्यक्रमातला तेवढा एक भाग आजही अपेक्षेप्रमाणे काम करतो आहे.

मधल्या काळात शहाणी माणसं प्रयोगशाळांतून चुली पारखत होती. प्रयोगशाळेत चुलीची परीक्षा पाणी उकळून घेतात. मी थट्टा करत नाही; तिचं नावच पाणी उकळण्याची चाचणी. पातेल्यात मोजून पाच लिटर पाणी घ्यायचं, तोललेलं कोरडं लाकूड लावायचं, उकळी आणायची, नंतर ४५ मिनिटं ते पाणी उकळीच्या जरासं खाली ठेवायचं आणि शेवटी उरलेलं पाणी, उरलेलं लाकूड, पडलेला कोळसा सगळं परत तोलायचं. त्यावरून टक्केवारी निघते. आपल्या मानक ब्युरोनं २०१३ साली नियम ठरवले त्यात आपसूक हवा घेणाऱ्या चुलीनं किमान २५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी आणि पंख्याच्या चुलीनं ३५ टक्के, असं आहे.

एका संस्थेच्या तीन पोरांनी ही चाचणी काकूच्या अंगणात करून दाखवली. बायका गोळा झाल्या. पातेलं चढलं, काटा आला, घड्याळ लावलं. काकूनं पाण्यात डोकावून विचारलं, "ह्यात काय टाकनार?"

"काही नाही मावशी. नुसतं पाणी."

"मंग उकाळताय कशाला?"

पोरगं शिकलेलं होतं. त्यानं नीट समजावलं. काकूनं ऐकून घेतलं. थोड्या वेळानं तिनं दुसरा प्रश्न विचारला, "आन् वर झाकान का न्हाई?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. चाचणीत झाकण ठेवायचं नसतं, असा नियमच आहे. झाकणानं वाफ अडते आणि एका चुलीचा आकडा दुसऱ्या चुलीच्या आकड्याशी ताडता येत नाही. नियम रास्त आहे. पण जळण वाचवायला शिकवायला आलेली माणसं उघड्या पातेल्यात पाऊण तास नुसतं पाणी रटरटवत बसली आहेत, हे दृश्य त्या अंगणातल्या एकाही बाईला पटवून देणं शक्य नव्हतं. "झाकान ठिवलं की जळान वाचतं," काकू म्हणाली, "येवडं तरी घ्या लिवून."

आता भाकरी. सुधारित चुलींचा महाराष्ट्रातला सगळा इतिहास भाकरीपाशी येऊन अडतो, असं माझं ठाम मत आहे. बाजरीची भाकरी थापून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरापुढं उभी टेकवायची. तिथं ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. म्हणजे चुलीला तोंड पाहिजे, आणि चांगलं ऐसपैस पाहिजे. सुधारणा करणाऱ्याला मात्र चुलीचं तोंड आवडत नाही. त्यातून गार हवा शिरते, आच बाहेर पडते, धूर गळतो. म्हणून तो पहिल्यांदा तोंड लहान करतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात 'रॉकेट' चुलीचं तत्त्व मांडलं ते हेच: कोपरासारखा वाकलेला, भोवतीनं उष्णतारोधक भरलेला अरुंद नळ, खालून काटक्या, वरून झळझळीत ज्योत. चूल म्हणून ती फार देखणी गोष्ट आहे. तिच्यात लाकूड कमी लागतं, धूर कमी होतो, आणि तिची ज्योत तव्याच्या बरोबर मध्यावर लागते. मधे भाकरी करपते, कडेला पीठ राहतं, आणि शेकायला आर बाहेर ओढावा तर नळातून चिमट्यानं मुंगीएवढा निखारा निघतो. शिवाय चूल पत्र्याची, हलकी. पिठलं घोटताना ती पातेल्यासकट फिरते, म्हणून बाईनं एक पाय तिच्यावर ठेवून पिठलं घोटायचं. अन्नाच्या चुलीला पाय लावायचा, हे काकूच्या शास्त्रात कुठं बसणार?

या सगळ्या तक्रारी पाहुण्यांपर्यंत पोचत का नाहीत? त्या पोचतात, फक्त पुरुषांमार्फत. चुलीची सभा चावडीवर भरते. सभेला बाप्ये असतात, कारण सभा आहे. बाया घरी असतात, कारण पाहुण्यांचा स्वयंपाक आहे. तिथं ज्यानं जन्मात चुलीत काडी सारली नाही असा माजी सरपंच चुलीच्या उंचीवर बोलतो, दुसरा रंगावर बोलतो, आणि तिसरा विचारतो की हिच्यावर पंचवीस माणसांचं मटण शिजेल का, कारण त्याच्या आयुष्यात चुलीशी संबंध जत्रेलाच येतो. टिपणं घेतली जातात. पुढच्या वर्षी चूल निळ्या रंगात येते.

आणि जळण. नव्या चुलीला बारीक, कोरडं, बोटाएवढं जळण लागतं. जुनीला ओंडका चालतो. एक टोक चुलीत, एक टोक उंबऱ्यात, जसजसा जळेल तसतसा पायानं आत सारायचा, तोवर बाई म्हशीचं शेण काढून येते. बोटाएवढी ढलपी करायची तर कुऱ्हाड घेऊन बसायला माणूस पाहिजे. संस्थेच्या हिशोबात नव्या चुलीनं रोज वेळ वाचतो. वाचतो हे खरं. ढलप्या फोडून उरला तर तो वाचलेलाच असतो.

उपाय निघाले नाहीत असं मुळीच नाही, आणि त्यांतले कितीतरी आपल्या आसपास निघाले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव, यांच्या 'आरती' संस्थेनं शेतात पेटवून देण्यात येणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा केला आणि त्यासाठी संस्थेला २००२ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा वापरणारा त्यांचा 'सराई' कुकर मूठ-दोन मूठ कांड्यांवर घरापुरता वरण-भात-भाजी शिजवतो, आणि ते चुपचाप शिजवतो. पण पाचट उसाचं, ऊस पाण्याचा, आणि काकू माणची. आमच्याच शेजारच्या फलटणला निंबकरांच्या संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी मद्यार्कावरची शेगडी केली. निम्मं पाणी घातलेल्या मद्यार्कावर ती जळते, धूर शून्य. बुद्धीचं काम आहे. मी मोठ्या उत्साहानं काकूला सांगितलं की काकू, दारूवर चालणारी शेगडी निघालीय. तिनं एकदा पारावर बसलेल्या काकाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "आन् सांजच्याला जळान काय ऱ्हाईल?" ती म्हणाली. उत्पादन शुल्क खात्याची चिंताही शब्दशः हीच असते.

पंख्याच्या शेगड्या आल्या. एका परदेशी तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं केलेली 'ऊर्जा' तर महाराष्ट्र-कर्नाटकात लाखोंनी खपली. शेतातल्या कचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या तिच्यात घालायच्या, बारकासा पंखा बॅटरीवर चालतो, ज्योत गॅससारखी निळसर. बायकांना ती आवडलीही. पुढं तोच कचरा कारखान्यांच्या बॉयलरनं मागितला, गोळ्या महागल्या, आणि जी गोष्ट बांधावर फुकट पडलेली होती ती किलोवर विकत घ्यायची वेळ आली. बायकांनी शेगडी पुसून फळीवर ठेवली.

तिकडे जग आमच्या चुलीवरून फारच हळवं झालं होतं. सप्टेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला हिलरी क्लिंटन यांनी स्वच्छ चुलींची जागतिक आघाडी जाहीर केली. २०२० पर्यंत दहा कोटी घरांत चांगल्या चुली, असं उद्दिष्ट. ज्युलिया रॉबर्ट्स ही हॉलिवूडची नटी या कामाची राजदूत झाली. चुलीला राजदूत मिळाला तेव्हा आमच्या गावाला तलाठी नव्हता. त्याच सुमारास ओडिशात 'ग्राम विकास' या संस्थेनं बांधून दिलेल्या चिमणीच्या मातीच्या चुलींचा माग एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी काढला, तोही चार वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत धूर कमी गेला. पुढं तो फरक राहिला नाही, कारण चुली नेमानं वापरल्या गेल्या नाहीत, साफ केल्या गेल्या नाहीत, फुटल्या तर दुरुस्त झाल्या नाहीत. जळणही वाचलं नाही. प्रयोगशाळेतल्या टक्केवारीचं घराघरांत पीठ झालं. हे २०१२ साली छापून आलं तेव्हा मी काकूला वाचून दाखवलं. तिला एकाच गोष्टीचं नवल वाटलं. "चार वर्सं? आमची चार म्हयन्यांत तुंबली."

मग सरकारनं चूल सुधारण्याचा नाद सोडून तिला बाजूला सारायचं ठरवलं, आणि माझ्या मते आजवरच्या उपायांत हाच शहाणा. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना निघाली. बाईच्या नावानं गॅसची जोडणी. ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादच्या कार्यक्रमात आठ कोटीवी जोडणी दिली गेली. काकूलाही मिळाली. गॅससाठी कडप्प्याचा ओटा झाला, शेगडीवर क्रोशाचा रुमाल आला. गॅस काकूला मनापासून आवडतो. पहाटे नातवाचं दूध, पाहुण्यांचा चहा, पावसात जळण भिजलं तर पोहे, हे सगळं गॅसवर. आंघोळीचं पाणी मात्र नाही, म्हशीचं आंबोण नाही, रोजच्या भाकरी नाहीत. टाकी आणायची तर पैसे काकाकडं आणि गाडी दुसऱ्याची. २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर अकराशेच्या वर गेला. उज्ज्वलाचं घर वर्षाकाठी सरासरी चारेक टाक्या भरतं. लाकूड मात्र फुकट पडतं, असं काका म्हणतो. बाभळीच्या काट्यांतून मोळी काकू आणते, म्हणून ते फुकट.

सर्वेक्षणवाल्यांची पंचाईत इथंच होते. त्यांच्या कागदावर प्रश्न असतो, 'स्वयंपाकाचं मुख्य इंधन कोणतं? एकच निवडा.' २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४३.२ टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात, असं निघालं. काकूसारखी घरं या ४३ मध्ये आहेत की बाहेरच्या ५७ मध्ये, हे विचारणाऱ्यानं गॅसवरचा चहा घेतला की चुलीवरचा, यावर ठरत असावं. चूल, गॅस, गोठ्यातली तीन दगडांची चूल आणि फळीवरची शेगडी, असा चौघींचा संसार ती एकटी चालवते आणि कुणाला कधी कुठलं काम द्यायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे. हा सगळा धूर शंभर टक्के बंद करून दाखवणारी योजना मी एकच पाहिली: लग्नाचं चूलबंद आवतण. त्या दिवशी साऱ्या आळीत धूर नसतो. तो मांडवामागं एका जागी असतो आणि तो आचाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आणि पुण्या-मुंबईची माणसं? ती चाळीस किलोमीटर गाडी हाकत 'चुलीवरची मिसळ' खायला जातात, धूर नाकात गेला की डोळे मिटून गावाकडची आठवण काढतात आणि धुराचे वेगळे पैसे मोजतात. काकूला हे सांगितल्यावर तिनं दर विचारून घेतला.

सध्याचे पाहुणे कार्बनचे आहेत. चूल फुकट देतात. काकूनं कमी लाकूड जाळलं की जो धूर झाला नाही त्याची मोजदाद होते, त्याचे क्रेडिट बनतात आणि परदेशातली एखादी कंपनी ते विकत घेऊन आपलं पाप फेडते. न झालेला धूर मोजायचा म्हटल्यावर माणसाचा हात थोडा सैल सुटणारच. बर्कलीच्या संशोधकांनी २०२४ च्या जानेवारीत दाखवलं की त्यांनी तपासलेल्या चुलींच्या प्रकल्पांत क्रेडिट खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट दिले गेले होते. म्हणून काही जण चुलीलाच बटणाएवढं तापमापक चिकटवतात. चूल किती वेळ गरम होती, हे ते निमूटपणे लिहून ठेवतं.

काकूला मिळालेल्या चुलीलाही असं बटण होतं. हंगाम संपल्यावर पोरं आली, बटणातली माहिती काढली आणि थक्क झाली. आसपासच्या गावांत चुली आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी तापलेल्या. काकूची चूल मार्च ते मे एकही दिवस न चुकता अकराच्या सुमारास तापायला लागायची ती चारनंतरच निवायची. एवढी एकनिष्ठ वापरकर्ती त्यांना तालुक्यात सापडली नव्हती. त्यांनी काकूचा सत्कार ठरवला. साडी, नारळ, प्रमाणपत्र आणि फोटोवाला घेऊन गाडी आली. हार घालून झाल्यावर फोटोवाला म्हणाला, "आजी, आता त्या चुलीपुढं बसा."

काकूनं नातवाला हाक मारली. तो शिडी घेऊन परड्यात गेला आणि कडब्याच्या गंजीवर चढला. गंजीवर काळी ताडपत्री होती, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून माणच्या उन्हात ती चूल तिच्या एका कोपऱ्यावर ठेवलेली होती. नातवानं चूल खाली दिली. पोरं आळीपाळीनं चुलीकडं, आभाळाकडं आणि टॅबलेटकडं बघत राहिली. काकूनं पदरानं चूल पुसली, फोटो काढून घेतला, सगळ्यांना चहा दिला, आणि पोरं निघायला लागली तेव्हा म्हणाली, "आनखी येक मिळंल का रं? त्या अंगाला ताडपत्री लई फडफडती."